चार बोटं पाण्यातली आई

माशाला आवाज नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी आज बोलणं भाग आहे. मी गप्पी माशाची मादी. हुडकेश्वरला रुपराव आबाजींच्या घरामागे सिमेंटचं टाकं आहे. त्याच्या तळाशी उरलेल्या चार बोटं पाण्यात मी पोट टेकून पडले आहे. वर मे महिन्याचं ऊन आहे आणि पोटात माझी पिल्लं आहेत.

माझा जन्म पैदास केंद्रातल्या हौदात झाला. आम्ही गप्पी बाहेर अंडी घालत नाही. आमची पिल्लं आईच्या पोटातून पोहतच बाहेर येतात. होळी झाल्यावर शोभाताईंनी आम्हा सहा जणांना पिशवीत भरून इथे आणलं. त्या वस्तीत डासांच्या अळ्या तपासत फिरतात.

"यमुकाकू, हे मासे अळ्या खातेत. आता टाक्याचं पानी फेकू नका बरं."

आबाजींची बायको, यमुताई, हसली. "म्हंजे घरात अजून सहा तोंडं वाढले म्हना."

आम्ही चार माद्या होतो आणि दोन नर. त्यातल्या एका नराच्या अंगावर नारिंगी ठिपका होता. तो रंग उगीच येत नाही. शेवाळ खाऊन तो अंगी लागावा लागतो. रोगट, उपाशी नर फिकाच राहतो. म्हणून आमच्या आज्या-पणज्या असे रंगीत नर निवडत आल्या आणि पिढ्यान् पिढ्या नर अधिक रंगीत होत गेले. मीही त्यालाच निवडलं. पण जो रंग मला दिसला, तो कडुलिंबावर बसलेल्या खंड्या पक्ष्यालाही दिसला. आठव्या दिवशी खंड्याने सूर मारला आणि माझा नर गेला. दुसरा फिकट होता, तो वाचला. आमच्या नरांना नटावंही लागतं आणि लपावंही लागतं. दोन्ही एकदम कसं जमायचं?

तो गेला, पण पुरता गेला नाही. त्याचे शुक्राणू माझ्या अंडाशयाच्या घडीत जपलेले आहेत. माझं शरीर त्यांना गोड रस पुरवतं आणि ते महिनोन् महिने जिवंत राहतात. फिकट नराचेही आहेत. अंडं तयार झालं की दोघांच्या शुक्राणूंची शर्यत लागते. अशा शर्यतींतूनच पिढ्यान् पिढ्या आमच्या नरांचे शुक्राणू वेगवान होत आले. मात्र माझ्या आतला रस कोणाला पुढे जाऊ देतो, कोणाला अडवतो. शर्यतीचं मैदानही मीच आणि पंचही मीच. अजून तीन-चार बाळंतपणांना पुरेल एवढा त्याचा ठेवा माझ्यापाशी आहे. म्हणून मला मरायचं नाही. मी मेले तर तो दुसऱ्यांदा मरेल.

आज रविवार. सकाळी आबाजी हातात एक कागद घेऊन आले. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाकी, कूलर रिकामे करून कोरडे ठेवा, असं त्यावर छापलं होतं. त्यांची नात मिनल धावत आली.

"आबाजी, मासे हायेत ना त्याच्यात! मासेवालं पानी फेकाचं नसते."

"कोन म्हनते?"

"शोभाताई."

"अन् हा कागद कोनं देल्ला? शोभानंच! एका तोंडानं म्हनते ठेवा, दुसऱ्या तोंडानं म्हनते फेका. मी कोनाचं आयकू, सांग वं मले?"

"पन आबाजी..."

"मागच्या साली तुही आजी डेंगूनं सात दिवस दवाखान्यात होती. पुन्हा नाही पाह्यचं मले ते."

मिनल डोळे पुसत शिकवणीला गेली. आबाजी दुष्ट नाहीत. ते घाबरलेले आहेत, माझ्यासारखेच.

त्यांनी बूच काढलं. पाण्याच्या ओढीने माझ्या तिन्ही सोबतिणी आणि तो फिकट नर नालीत गेले. मी भिंतीला चिकटून राहिले. भोक तळापासून जरा वर आहे, म्हणून चार बोटं पाणी उरलं. हे फडक्याने टिपायचं होतं. आबाजी चहाला गेले म्हणून राहिलं.

बोलता बोलता पाणी तापत गेलं. कळा सुरू झाल्या. एक, दोन, पाच... नऊ पिल्लं आली. केसाएवढी, पारदर्शक, दोन काळ्या डोळ्यांची.

तेवढ्यात आबाजी फडकं घेऊन वाकले आणि ओरडलेच.

"अवं यमुना, अळ्या! पाह्य, काय सांगत होतो मी? मासे असून बी अळ्या झाल्याच! थांब, जळकं ऑइल आनतो, गुदमरून मरतीन साऱ्या."

आबाजी, चष्मा लावा हो! अळी उलटी लटकते, वळवळते. माझी पिल्लं आडवी, सरळ पोहतात. पण मी हे सांगणार कशी? मी शेपटी आपटली. पुन्हा पुन्हा आपटली. पाणी उडालं, माझी पाठ उघडी पडली. आबाजी डबा घेऊन आले. काळं तेल डब्याच्या काठावर आलं.

"थांबा, आबाजी! नका टाकू!" शिकवणीहून परतलेली मिनल दप्तरासकट टाक्यात उतरली. "याइले डोळे हायेत. मासोळीले पिल्लं झाले!"

आबाजींनी डबा खाली ठेवला. बराच वेळ वाकून पाहत राहिले. "मले तं अळ्याच वाटल्या वं," एवढंच म्हणाले.

मिनलने आम्हा सगळ्यांना तांब्यात घेतलं. पाणी गार आहे. ती आनंदाने आजीला हाक मारते आहे, "आजी, आई अन् नऊ लेकरं, सगळे वाचले!"

नाही गं बाळा, अजून नाही वाचले. मी सकाळपासून उपाशी आहे. आम्हा गप्पींना आपलं पिल्लू आणि खाणं यांतला फरक कळत नाही. मोठ्या पाण्यात पिल्लं शेवाळात लपतात, म्हणून जगतात. तांब्यात शेवाळ नाही, आडोसा नाही. आत्ताच एक पिल्लू माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. कसंबसं मिटलं. खंड्या आणि तेल दोन्ही बाहेर राहिले. आता तांब्यात मी आहे.

मी तांब्याच्या भिंतीला तोंड लावून उभी आहे. मिनल, आजीला मग सांग. आधी दुसरं भांडं आण. मला यांच्यापासून वेगळं काढ. लवकर आण गं.