सुनेचे चौतीस शब्द

मेसेलेचने यादी पाठवून महिना उलटला होता, आणि चूक सापडली ती आत्याला, कॉफीचे दाणे भाजता भाजता.

गावाचं मागणं थोडंसंच होतं. पुढच्या वर्षापासून पहिलीची पुस्तकं आपल्या देराबे भाषेत हवीत. शिक्षण कार्यालय म्हणालं, देराबे वेगळी भाषा आहे हे आधी आकड्यांनी दाखवा. ठरलेले दोनशे शब्द गावातल्या एका जाणत्या माणसाकडून वदवून घ्यायचे आणि शेजारच्या होमोता भाषेशी ताडून बघायचे. शंभरात सत्तर किंवा जास्त जुळले, तर देराबे ही होमोताची नुसती बोली, आणि पोरांच्या हाती पुस्तकं होमोताची. मेसेलेच राजधानीत हीच मोजणी शिकली होती, म्हणून काम तिच्याकडे आलं.

शब्द तिने आपल्या आईकडून, आवाज टिपणाऱ्या छोट्या डबीत, घेतले. एर्गोगेइतकं सावकाश आणि स्पष्ट बोलणारं गावात होतं तरी कोण? आकडा आला शेकडा एकोणऐंशी. मेसेलेचने तीनदा तपासला आणि जड मनाने पाठवून दिला.

आत्याने ते ध्वनिमुद्रण सहज म्हणून ऐकायला मागितलं. दहा-बारा शब्द ऐकले नि कढई खाली ठेवून ती हसत सुटली.

"अगं ए शिकलेले! ही देराबे होय? ही तर सुनांची बोली!"

मेसेलेचने डबी बंद केली. सासू, सासरे, थोरले दीर यांच्या नावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारा एकही शब्द देराबेंची सून तोंडातून काढत नाही. त्या जागी आडशब्द वापरते, आणि तो बहुतेक होमोताकडूनच आलेला असतो. माणूस मेला तरी नेम सुटत नाही. हे मेसेलेचला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नवव्या वर्षी शाळेसाठी ती मामाकडे शहरात गेली, ती सुट्टीपुरतीच परत येत राहिली. आईचे शब्द तिने मोजले होते, ऐकले नव्हते.

तिने पुन्हा मोजलं. दोनशेत चौतीस आडशब्द. ते काढून खरे घातले की एकोणऐंशीचे बासष्ट होत होते.

कार्यालयातले आतो, म्हणजे श्रीयुत, देगिफे शांतपणे म्हणाले, "शब्द सांगणारा माणूस बदलता येत नाही, बाई. तक्ता बंद झालाय. त्याच माणसाने दुरुस्ती सांगितली तर जोडू. शुक्रवारच्या आत."

"आई, चौतीसच शब्द आहेत," मेसेलेच घरी येऊन म्हणाली.

एर्गोगे कोचोच्या भाकरीचं पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. "तापात बरळले, तेव्हा यातला एक शब्द नाही गेला तोंडातून. तुझ्या वेळी दोन दिवस कळा देत होते, तेव्हा नाही. आता त्या डबीपुढे घेऊ?"

"डबीसाठी नाही गं. पोरांसाठी."

"बोल की वहिनी," आत्या म्हणाली. "माझाच बाप ना तो? मी लेक म्हणून सांगते, बोल. मेलेला माणूस काय कान लावून बसलाय?"

"ते नसतील बसले, वन्सं. मी बसलेय ना."

तीन दिवस ती नेहमीसारखी पहाटे उठली, नेहमीसारखा बुधवारचा उपास केला. गुरुवारी सकाळी न सांगता पांढरी शाल डोक्यावरून पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. "लाव तुझी डबी," म्हणाली. आत्या उठून अंगणात गेली. एरवी हसणारी बाई, पण आत थांबली नाही.

माती. डोळा. पाणी. मीठ. झोप. अठ्ठावीस वर्षं न उच्चारलेले शब्द एर्गोगेच्या तोंडून बोबडे निघत होते, नुकतं बोलायला लागलेल्या लेकरासारखे. चौतीस झाल्यावर तिने चूळ भरली, पुन्हा भरली, आणि कामाला लागली.

दोन आठवड्यांनी निकाल आला. साडेसत्तर.

मेसेलेच तावातावाने कार्यालयात गेली. "साडेसत्तर आलं कुठून?"

"एक यादी एकोणऐंशीची, एक बासष्टची," आतो देगिफे म्हणाले. "दोन्ही तुमच्याच आईच्या. खरी कुठली हे आम्ही कोण ठरवणार? सरासरी काढली."

"चूक आणि तिची दुरुस्ती यांची सरासरी काढतं का कोणी?"

"आम्ही काढतो." मग जरा नरमून म्हणाले, "होमोताची पुस्तकं चांगली आहेत हो. रंगीत चित्रं आहेत."

घरी आल्यावर मेसेलेचने लपवलं नाही. एर्गोगेने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे उपयोग नाही झाला."

"नाही झाला, आई."

"मग माझं बोललेलं परत आण त्यांच्याकडून."

"नोंद झालीय. आता ती तिथेच राहणार."

"कायमची?"

मेसेलेचने होकारार्थी मान हलवली. एर्गोगे चुलीशी वळली. तिला पाणी हवं होतं. तिने तोंड उघडलं, थांबली. आडशब्द घ्यावा तर आता कुठल्या तोंडाने, आणि खरा घेण्याची तिची छाती नव्हती. तिने नुसतं बोटाने घागरीकडे दाखवलं. मेसेलेचने पाणी ओतून दिलं, आणि दोघींपैकी कोणीच त्याचं नाव घेतलं नाही.