काळ्या दगडावरच्या दोन रेघा

मी एका सोनाराच्या दुकानातली जुनी कसोटी आहे. घाबरू नका मित्रांनो, परीक्षा घ्यायला आलेली नाही. ‘कसोटी’ म्हटलं की तुम्हाला एकतर परीक्षा आठवते, नाहीतर क्रिकेटचा पाच दिवसांचा सामना. पण तो शब्द मुळात माझा आहे. मी तळहातावर मावेल एवढा काळा दगड. सोन्याचा कस माझ्यावर घासून बघतात. साऱ्या जगाने माझं नाव उचललं आणि मला साधं विचारलंही नाही, याचा मला अजून थोडा राग आहे.

माझा जन्म नदीच्या पात्रातला. एका दगड कापणाऱ्याने मला उचललं, चौकोनी कापलं आणि एक बाजू सपाट केली. चकचकीत मात्र केली नाही. फार गुळगुळीत दगडावरून सोनं नुसतं घसरतं, रेघ उमटत नाही. अंगात थोडा खरखरीतपणा असावाच लागतो.

सोनाराने मला विकत घेतलं तेव्हा त्यांचे केस माझ्याइतकेच काळे होते. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायची. कुणी दागिना आणला की दादा तो माझ्यावर हलकेच घासत. त्याच्या शेजारी चोख सोन्याच्या काडीची रेघ ओढत आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही रंग ताडून बघत. शंका आली तर तेजाबाचा, म्हणजे जहाल आम्लाचा, थेंब टाकत. पितळेची रेघ लगेच नाहीशी होई, सोन्याची राही. ते तेजाब मला झोंबायचं, पण दादांनी मान डोलावली की समोरच्याचा जीव भांड्यात पडायचा, ते बघून मी झोंबणं विसरायची. दादांच्या शब्दावर गल्लीतली लग्नं ठरत होती म्हणा ना!

त्यांची मुलगी चिमी त्यांच्या शेजारीच कामाला बसायची. मोठी झाली तरी सगळ्यांसाठी ती चिमीच राहिली. तुटलेली साखळी सांधावी तर तिनेच. मला मात्र ती हात लावू लागली की दादा म्हणत, “रंग ओळखणं शिकवून येत नाही. ते अंगात मुरावं लागतं.” हातात दगडच दिला नाही तर मुरणार कसं, हे मला कधी कळलं नाही.

मग दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला. पांढरा सदरा पिवळा करून आणला म्हणून ते इस्त्रीवाल्याशी भांडले. दुकानातला दिवा मंद आहे म्हणून नवा आणला, मग त्याहून मोठा आणला. डोळ्यांचं नाव काढलं की उखडत. त्यांना सगळंच पिवळट दिसत होतं मित्रांनो, आणि ज्याला सगळंच पिवळं दिसतं त्याला सगळंच सोनं वाटतं. मी रेघा अगदी खऱ्या दाखवत होते. पण बघणारे डोळे माझे नव्हते.

एका दुपारी चिमीच्या शाळेतल्या भाषेच्या बाई आल्या. त्यांनी दोन अंगठ्या आणल्या होत्या, एक स्वतःची आणि एक वारलेल्या नवऱ्याची, म्हणजे सरांची. नात दूर शिकायला निघाली होती. तिच्यासाठी दोन्ही वितळवून एकच अंगठी करायची होती. दादांनी दोन्ही माझ्यावर घासल्या आणि म्हणाले, “एकाच कसाच्या आहेत. टाकू या एकत्र.”

चिमीने वाकून पाहिलं. एक रेघ पिवळीधमक होती, दुसरी सरळसरळ तांबूस. दोन्ही एकदा मुशीत वितळल्या की चांगल्या सोन्यातही तांबं उतरणार आणि दादांचा शब्द खोटा पडणार. पण बापाला चारचौघांत कसं सांगायचं? तिने चिमटा उचलला, पण तिचा हात पुढे जाईना. मला तोंड असतं तर मी ओरडलेच असते.

बाई स्टुलावर बसल्या होत्या. गप्प बसणं त्यांना कधीच जमलं नाही.

“काय गं चिमे, सोनं हा शब्द कुठून आला, शिकवलं होतं ना?”

“सुवर्णावरून.”

“आणि सुवर्ण म्हणजे?”

“चांगला रंग.”

“हां! माणसाने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्याला कुठला आलाय भाव? रंग आवडला, तेच नाव ठेवलं. कांचन हे नाव चमकण्यावरून. चांदीचं नातं तर थेट चंद्राशी. बाळाला सोन्या म्हणणं, संधीचं सोनं करणं, हे सगळं नंतरचं बरं का. आधी रंग.”

चिमीने चिमटा खाली ठेवला. “बाबा, थांबा. दुसरी रेघ तांबूस आहे.”

“तांबूस? आता तू मला शिकवणार?”

दादांनी मला उचललं आणि ते दाराबाहेर उन्हात गेले. मला असं धरलं, तसं धरलं, डोळ्यांपाशी नेलं. मला त्यांची फार दया आली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मला दोन्ही सारख्याच दिसतात गं. बाई मघापासून रंग रंग म्हणतायत, आणि मी आठवतोय की मला शेवटचा रंग नीट दिसला कधी.”

चिमीने त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं.

“तांबूस कुठली निघाली?” बाईंनी विचारलं.

“सरांची.”

बाई आधी थक्क झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “लग्नात म्हणाले होते, दोन्ही एकाच सोन्याच्या केल्यात! माझी चांगली केली आणि स्वतःची हलक्या सोन्यात भागवली. मरेपर्यंत पत्ता लागू दिला नाही! वितळवू नका हो दादा. नातीला दोन्ही अशाच देते, आणि का ते सांगते.”

त्यानंतर दादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तोवर दुकान चिमीने सांभाळलं. गिऱ्हाइकं विचारत, “दादा कधी येणार?” ती म्हणे, “आले की त्यांनाही दाखवा. आत्ता मी बघते.” आणि ती अचूक बघत होती. तिच्या हातातली पहिली रेघ माझ्यावर उमटली तेव्हा मला नव्यासारखं वाटलं.

काळा चष्मा उतरल्यावर दादा दुकानात आले. चिमीने माझ्यावर दोन रेघा ओढल्या आणि मला त्यांच्यापुढे ठेवलं.

“डावी चोख,” दादा म्हणाले, “उजवीत तांबं.” मग त्यांनी मला पुसलं आणि चिमीच्या बाजूला सरकवलं. “ही आता तुझ्याकडेच असू दे. मला लागली तर मी मागेन.”

मित्रांनो, मला जपायला फार काही लागत नाही. तेलकट बोट लावू नका आणि रेघा साचू देऊ नका, एवढंच. माझं खरं मागणं वेगळं आहे. घरात ज्यांच्या शब्दावर सगळे चालतात, त्यांच्याजवळ बसून एकदा विचारा, तुम्हाला नीट दिसतंय ना? ते रागावतील. दादाही रागावले होते. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा.