निळ्या महिन्यातलं लाल

"अगं, ओरडतेस काय! रंग आहे तो, रक्त नव्हे," संडासातून बाहेर येत रंगारी बायकोला म्हणाला. पाणी ओतायचं राहिलं होतं, आणि तिने नेमकं पाहिलं होतं.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्याची हयात गेली होती. तिथे घाम रंगीत, थुंकी रंगीत. लघवी लाल झाली तरी कुणी हूं की चूं करत नसे. उलट थट्टाच व्हायची. शिवाय त्याला दुखत मुळीच नव्हतं. एक-दोन दिवस लाल, मग आपोआप स्वच्छ. मग कशाला जिवाला घोर?

बायको ऐकते कसली! तिने त्याचाच हात त्याच्या डोळ्यांपुढे नाचवला.

"महिनाभर निळी नखं घेऊन घरी येताय. मग हा लाल कुठून आला हो, माझ्या माहेरहून?"

रंगाऱ्याने आपली नखं निरखून पाहिली. कारखान्यात महिनाभर निळाच रंग चालू होता, लाल रंगाचा हौद कधीचा कोरडा पडला होता.

बायकोने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. जळजळ, ताप, काही होतं का, विचारलं.

"छे हो बाई! दुखलं असतं तर आधीच आलो नसतो का?"

"दुखत नाही, म्हणूनच मोठ्या दवाखान्यात पाठवतेय. रक्त आहे, पण जंतू नाहीत. तुमचं वय, हे रंगाचं काम, वर सिगरेट. मूत्राशयाच्या आत बघायलाच हवं."

"कॅन्सर?" बायकोनेच विचारलं.

"असेल, नसेलही. पण थांबून चालणार नाही."

रंगारी भ्यायला. इतका, की भर रस्त्यात त्याने बायकोचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत पहिल्यांदाच.

निघाला कॅन्सरच. पण लहानसा, वरवरचा. दुर्बीण घालून काढला आणि दर काही महिन्यांनी तपासणी लावून दिली. घरी आल्यावर रंगाऱ्याला सगळंच गोड वाटू लागलं, बायकोची बडबडसुद्धा.

कामावर परतला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, "लघवी लाल दिसली, एकदाच का होईना, तर डॉक्टरला दाखवा. दुखायची वाट बघू नका रे."

"दादा डॉक्टर झाले!" कुणीतरी ओरडलं. सगळे खो-खो हसले, तोही हसला.

वाफेच्या यंत्रावरचा जाडोबा तेवढा हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला होता.

रंगारी डबा उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"उद्या सकाळी तयार राहा. मी येतो बरोबर."

"तुमचा खाडा होईल की, दादा."

"होऊ दे. जेव आधी."

जाडोबाने मान हलवली आणि घास तोंडात घातला.