न पलटायचा पाना

राजकुमारनं मलकापूरहून खटक्याचा पाना आणला आणि उकंडरावाचं डोकं फिरलं. दिसायला साधाच, उघड्या तोंडाचा, सतरा नंबरचा. करामत एवढीच की तो नटावरून काढायचा नाही. पुढं ओढला की नट फिरतो, मागं नेला की नुसता घसरत परत येतो. उलटीकडं फिरवायचं असेल तरच पाना पलटायचा.

उकंडराव राजकुमारचा सख्खा काका, चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला. त्यानं हात न लावताच निकाल दिला, "खेयनं हाय बे हे. लेकराईले दे."

साऱ्या पारानं मान डोलावली. मीही डोलावली. वस्तू न वापरता तिला नावं ठेवायचं पीक आमच्या गावात बारमाही येतं, त्याला ना पाणी लागतं ना खत.

चौथ्या दिवशी गोजरबाईच्या सोयाबीनची मळणी निघाली. गोजरबाई उकंडरावाची बायको. पेरलं तिनं, निंदलं तिनं, सोंगलं तिनं. उकंडरावानं सल्ले दिले. राजकुमारच्या ट्रॅक्टरवर मळणीयंत्र चालू होतं, मी बघ्यांत होतो. सोंगून रचलेल्या पिकाची अर्धी सुडी यंत्रात गेली आणि ट्रॅक्टर फडफडून बंद पडला. डिझेलची नळी चिरली होती. दुसरी नळी पेटीत होती, पण नांदुऱ्याकडून काळं आभाळ चढत होतं आणि ताडपत्रीची झाली होती चाळणी. उरलेली सुडी भिजली की शेंगा काळ्या.

नळीचा नट इंजिनाच्या बगलेत. मधून नळी गेलेली, म्हणून रिंगपाना बसत नाही. राजकुमारनं ऐटीत नवा पाना लावून जोर दिला. नट गंजलेला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली. उकंडरावानं जुना पाना लावून त्यावर दगडाचा एक ठोका घातला. नट कुरकुरून ढिला झाला. मग त्यानं पुतण्याकडं असं पाहिलं की पोरगं मागं सरकलं.

पण पुढचं काम गोगलगाईचं. जागा अरुंद, पाना बोटभरच फिरे. फिरवायचा, काढायचा, पलटायचा, पुन्हा लावायचा. पलटला की तोंडाचा तिरपेपणा बदलतो आणि नट पुन्हा पकडीत येतो. हात पटाईत होता, पण आटे बारीक होते. वारा सुटला. मळणीच्या भुशाचं कुटार डोळ्यांत जायला लागलं.

"अवो, तो नवा घ्या न," गोजरबाई म्हणाली. "आभायाले तुमचा ताठा दिसून नाई राह्यला."

त्यानं घेतला. पुढंमागं केला, काढला, पलटला, लावला. पुन्हा पुढंमागं, पुन्हा पलटला. कपाळाचा घाम नाकावर आला, नट होता तिथंच. त्यानं पान्याला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, दुकानदाराच्या बापालाही सोडलं नाही. नकली माल आहे, असं मीही ठोकून दिलं.

गोजरबाई चाकाजवळ उकिडवी बसून नवऱ्याचा हात पाहत होती.

"तुम्ही पलटता काऊन?"

"पाना पलटाच लागते वं. चाळीस वर्सं—"

"हा नाई पलटा लागत. एक डाव सोडता, मंग पलटून तेवढाच आवयता. सुडी भिजली त दोन्ही पाने तुमच्या उशाले बांधीन."

उकंडरावानं बायकोचं ऐकलं. लग्नानंतर दुसऱ्यांदा, असं गाव म्हणतं. मग न पलटता हात चालवला. सहा-सात हेलकाव्यांत नट त्याच्या तळव्यात. नवी नळी बसवताना गोजरबाईच्या हुकमानं पाना एकदाच पलटला, आणि शेवटचा पीळ जुन्यानं दिला. नवा तिथंही सटकला असता. उरलेली सुडी मळून शेवटचं पोतं छपरात गेलं तेव्हा पत्र्यावर थेंब तडतडायला लागले.

दुसऱ्या दिवशी पारावर हरिओम पाटलानं विचारलं की असा पाना घ्यावा का.

उकंडरावानं तंबाखू मळून गालात धरली.

"घेऊ नको," तो म्हणाला. "दुकानदार नुसता पाना देते. पलटू नका म्हणनारी बाई देत नाई."