करकरणाऱ्या बिजागरीचे आभार

मी बिजागरी बरं का, पुढच्या दाराची, वरची. आमच्याकडे कोण बघतंय! रंग लावायचा तो दाराला, कौतुक करायचं ते कुलपाचं. कारखान्यात ठोके खाऊन इथे आले, मुकाट्याने राबले, आणि वय झालं तशी करकरायला लागले. शेजारीण म्हणायची, "दार आहे की भांडखोर मांजर!"

घरधनी बस चालवतात. दिवसभर गर्दी, हॉर्न, कटकट. घरी यायचे ते डोकं तापवूनच. मनाने वाईट नाहीत हो, पण तोंड म्हणजे तोफखाना. एकदा लेकीला तिच्या मैत्रिणींसमोर नको नको ते बोलले. तेव्हापासून पोरीने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. काही हवं असलं तर, "आई, त्यांना सांग." बापाच्या काळजात चर्र व्हायचं, पण कबूल कोण करणार?

शेवटी ते बुद्धविहारातल्या म्हाताऱ्या भन्तेंकडे गेले. परत आल्यावर दारातच बायकोला सांगत होते, म्हणून मला कळलं. "भन्ते म्हणाले, राग येतोय हे वेळेवर कळलं तरी पुष्कळ. त्यांच्याकडे घंटा वाजली की सगळे हातातलं काम थांबवून तीन श्वास बघतात. मी म्हटलं, आमच्याकडे कुठली घंटा? नुसतं दार करकरतं. तर म्हणाले, मग तेच ऐका की!"

माझं नशीबच उघडलं! मी करकरले की घरधनी उंबऱ्यातच उभे. तीन श्वास, मग बूट काढायचे. सुरुवातीला रागच जिंकायचा. हळूहळू तो बूट काढेपर्यंत टिकेना. आरडाओरडा थांबला, पण लेक गप्प ती गप्पच.

मग तिची आत्या राहायला आली. फार प्रेमळ बाई, पण हाताला चैन नाही. "काय हा कर्कश आवाज!" म्हणत तिने मला तेलाने न्हाऊ घातलं. झाले मी मुकी.

संध्याकाळी दार गुपचूप उघडलं. घरधनी थांबलेच नाहीत, तडक आत. समोर लेक त्यांच्या इस्त्रीच्या गणवेशावर सांडलेला चहा पुसत होती.

"डोळे फुटले का गं तुझे? उद्या सकाळी मी काय घालू..."

अरे देवा! मी वाजायचा किती आटापिटा केला, पण तेलापुढे काय चालणार?

पोरीने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. तशीच तोंडाने म्हणाली, "कर्रर्र!"

हुबेहूब मी! घरधनी जागच्या जागी थांबले. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला त्यांना हसू फुटलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"आधी बूट काढा, बाबा," ती म्हणाली.

बाबा! किती दिवसांनी ऐकलं! मी तिथेच निखळून पडले असते आनंदाने.

भन्तेंचे उपकार आहेतच, पण आत्याबाईंचे जास्त. मी वाजत होते तोवर पोरीला बोलायची गरजच पडत नव्हती. म्हणून घरच्यांना माझं एकच मागणं आहे, मला तेल वेळच्या वेळी घालत जा.