सुकाणू कोणाच्या हातात होतं

कप्तानाला कप्तान ही पदवी कुठल्या सरकारने दिली नव्हती, बाजारातल्या गल्लीने दिली होती. मुळात तो शिलाई मशीन दुरुस्त करणारा. एवढंसं दुकान, आत मशीनच्या तेलाचा वास, खिळ्यांना टांगलेले चामडी पट्टे आणि डबीत डबी घालून जपलेले स्क्रू. पण छत्तीस वर्षं दर रविवारी हा माणूस दुकानाला कुलूप ठोकून शिडाच्या होडीतून समुद्रावर जायचा आणि सोमवारी सोललेलं नाक घेऊन गिऱ्हाइकांना वाऱ्याच्या गोष्टी सांगायचा. गिऱ्हाइकाची मशीन राहायची बाजूला. मग लोक म्हणायला लागले, कप्तानाकडे टाकलीय मशीन, येईल एखाद्या भरतीला. पुढे होड्यांच्या क्लबातही तेच नाव चालू झालं.

दोन वर्षांपूर्वी क्लबाने नियम काढला. ज्याच्याकडे होडी चालवण्याचं प्रमाणपत्र असेल, त्याच्याच नावावर क्लबाची होडी मिळेल, आणि त्या दिवशी होडीचा स्किपर, म्हणजे होडीला जबाबदार माणूस, तोच. तीन आठवड्यांचा वर्ग, एक लेखी पेपर आणि एक दिवस पाण्यावर परीक्षा. कप्तान उखडला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो चारचौघांत म्हणाला. "शिकवलेली बुद्धी आणि बांधलेली शिदोरी कुठवर पुरणार? वारा काय आधी कागद तपासून मग वाहतो?"

लोक हसले, कारण त्यातल्या निम्म्यांना दोराच्या गाठी त्यानेच शिकवल्या होत्या. पण खरी गोष्ट निराळी होती आणि ती फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती. कप्तानाची शाळा सातवीत सुटली होती. पेपर म्हटलं की त्याच्या तळहातांना आजही घाम फुटायचा. गाठी शिकवलेल्या लोकांसमोर नापास होण्यापेक्षा त्याने कागदाला नावं ठेवणं पसंत केलं. अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात असतात.

परीक्षा दिली ती त्याच्या लेकीने. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नऊ वर्षं लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघत होती. सात वर्षांची असल्यापासून बापाबरोबर होडीत. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. त्या दिवसापासून बापलेकीची एक सोय ठरून गेली. क्लबाच्या वहीत स्किपर म्हणून सही लेकीची, आणि धक्क्यापासून दहा हात लांब गेलं की सुकाणू बापाच्या हातात. क्लबात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे दुसरीकडे बघायचे.

मग क्लबाच्या शाळेत शिकवणारी म्हणून लेकीची निवड झाली. एक तारखेपासून रुजू व्हायचं. तिने चष्म्याच्या दुकानाचा राजीनामा दिला, तिच्या जागी दुसरी मुलगी आलीसुद्धा. पस्तिसाव्या वर्षी आपल्याला आवडतं ते काम मिळतंय, म्हणून ती घरात गुणगुणत फिरायची. कप्तान वरवर म्हणायचा, "बघू या काय शिकवते ते," पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही बातमी त्यानेच दिली होती.

रुजू होण्याआधीच्या तिसऱ्या रविवारी ती दोघं नेहमीसारखी निघाली. परतताना ऊन कलायला लागलं होतं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांब दांडा आहे. तो ओलांडायची कप्तानाची एक जुनी खूण होती. दीपगृह आणि त्यामागची कारखान्याची चिमणी एका रेषेत आणायची आणि सरळ आत घुसायचं. छत्तीस वर्षांत ती खूण कधी चुकली नव्हती.

"बाबा, थांबू या," लेक म्हणाली. "ओहोटीचं पाणी तळाला गेलंय. आणि मागच्या वादळात दांडा सरकलाय. क्लबात सूचना लावलीय, मी नकाशावर पेन्सिलीने काढून ठेवलंय बघा. दीड-दोन तास बाहेर काढू, पाणी चढलं की जाऊ."

"सूचना लावणारा कधी या पाण्यात उतरलाय का?"

"बाबा, खरंच थांबा."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून जातोय मी इथून."

तीन आठवड्यांच्या वर्गात तिला नकाशा शिकवला होता, भरती-ओहोटीचं कोष्टक शिकवलं होतं, बुडत्या माणसाला वर कसं घ्यायचं तेही शिकवलं होतं. सख्ख्या बापाच्या हातातून सुकाणू कसं काढून घ्यायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. ती गप्प बसली.

चिमणी दीपगृहामागे बरोबर आली आणि होडीचा तळ वाळूत बसला. मागून आलेल्या लाटेने होडी आडवी केली, सुकाणूचं पातं कडाडून मोडलं, कप्तान कडेच्या लोखंडावर आदळला आणि त्याच्या दोन बरगड्या गेल्या. एवढं खरं, की त्यानंतरचा अर्धा तास तो कप्तान शोभला. बरगड्या धरून त्याने शीड उतरवून घेतलं, नांगर कुठे आणि किती दोरावर टाकायचा ते सांगितलं, आणि दोघांचं वजन एका बाजूला घेऊन होडी लाटांखाली फुटू दिली नाही. पुस्तकात हे सगळं असेलही, पण पानं उलटायला वेळ नव्हता. बचावाची बोट आली तेव्हा होडी मोडकी होती, पण बुडालेली नव्हती.

क्लबाने चौकशी लावली. लावणारच. लेकीने लेखी जबाब दिला आणि त्याची प्रत घरी जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. कप्तान छातीला पट्टा बांधून घरीच पडून होता. त्याने प्रत ओढून घेतली आणि वाचली. सुकाणूवर मी होते. आत शिरण्याचा निर्णय माझा. भरतीचं कोष्टक वाचताना माझी चूक झाली.

"हे काय लिहिलंस?" त्याने संध्याकाळी विचारलं.

"बरोबर आहे ते."

"खोटं आहे."

"बाबा, मी क्लबात विचारून आलेय." ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "वाचण्यात चूक झाली तर पेपर पुन्हा द्यावा लागतो, बस. पंधरा दिवसांत देईन. एक तारीख हातची जात नाही. तुम्हाला शनिवारी बोलावतील. मी लिहिलंय त्याला फक्त हो म्हणा. दुसरं काही बोलू नका. एवढं ऐकाल माझं?"

"बघू."

"बघू नाही. बोलू नका म्हणजे बोलू नका."

बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "ऐका हो तिचं. आयुष्यात एकदा तरी."

कप्तान तीन रात्री कुशीवर वळता येत नाही म्हणून आढ्याकडे बघत पडला. आपल्यासाठी पोरगी खोटं बोलतेय, हे त्याला टोचत होतं. तिला साधं कोष्टक वाचता आलं नाही असं जगजाहीर होणार, याचा राग येत होता. होडी मी घातली वाळूत आणि बोल लागणार तिला? हे सगळं खरंच होतं, त्यात काही ढोंग नव्हतं. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याने पुढे कितीतरी दिवसांनी स्वतःशी कबूल केली. त्या कागदावर कप्तान प्रवासी होता. लेक सुकाणूवर आणि तो टोपी घालून बाकावर बसलेला. छत्तीस वर्षांनंतर असं लिहून घ्यायला त्याचं मन तयार होईना.

शनिवारी चौकशी क्लबाच्या वरच्या खोलीत होती. लांब टेबल, एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली जुनी शिडं, खिडकीखाली धक्क्याला बांधलेल्या होड्या. समितीची प्रमुख होती गावातली दातांची डॉक्टर. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा होडीत बसली तेव्हा भीतीने तिने कप्तानाचा सदरा धरून ठेवला होता. बाकी दोघे मान डोलावण्यापुरते.

डॉक्टरबाईंनी जबाब वाचून दाखवला. आवाजावरूनच कळत होतं की त्यांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं.

"कप्तान, तुम्ही होडीत होतात. हे असंच घडलं ना? तुम्ही हो म्हणालात की आम्ही मोकळे."

लेकीने त्याच्याकडे बघितलं. कप्तान उठून उभा राहिला. बरगड्या दुखल्या, तरी राहिला.

"नाही," तो म्हणाला. "सुकाणू माझ्या हातात होतं. होडी मी घातली. हिची काडीचीही चूक नाही."

"बाबा, बसा."

"बसतो, बोलून बसतो." त्याला आता अडवणं शक्य नव्हतं. हलकं वाटत होतं त्याला. जन्मात पहिल्यांदा तो आपली चूक चारचौघांत कबूल करत होता आणि त्यातही एक नशा असते. "हिने मला सांगितलं होतं, थांबा म्हणून. दांडा सरकलाय, ओहोटी आहे, सगळं बिनचूक सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. कोष्टक हिला तोंडपाठ आहे. मीच माजलो होतो. मला काय शिक्षा करायची ती करा, पण हिला सगळं कळत होतं, हे लिहून घ्या."

तो बसला. आपण पोरीचं नाव राखलं, असं त्याला वाटलं. छाती दुखत होती, तरी फुगली होती.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी प्रश्न विचारला, तो कप्तानाला नव्हता.

"तुला माहीत होतं?"

"हो," लेक म्हणाली.

"दांडा कुठे सरकलाय ते नकाशावर तूच काढलं होतंस?"

"हो."

"स्किपर तू होतीस. तरी सुकाणू घेतलं नाहीस."

लेकीने बापाकडे न बघता मान हलवली.

"वाचण्यात चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण वाक्य त्यांनी सोडलं नाही. "चुका होतात, पेपर पुन्हा देता येतो. पण धोका कळत असताना गप्प बसलीस. उद्या आठ मुलं घेऊन पाण्यात जाशील, आणि एखादा मोठा माणूस आवाज चढवेल, तेव्हा? वर जबाबही खोटा दिलास. मी कोणत्या तोंडाने तुला शाळेत पाठवू?"

कप्तानाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो पुन्हा उठायला लागला. "अहो, पण तिने मला सांगितलं होतं ना! मी ऐकलं नाही, त्यात तिचा काय दोष?"

"कप्तान," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही ऐकलं नाही, हाच तिचा दोष धरावा लागतो. सही तिची होती."

दोन वर्षांसाठी प्रमाणपत्र स्थगित झालं. शिकवण्याची नेमणूक रद्द झाली. कप्तानाला काहीच झालं नाही. त्याच्याकडे काढून घेण्यासारखा कागदच नव्हता. डॉक्टरबाईंनी फक्त एवढं सांगितलं, की यापुढे तुम्ही कोणाच्याही नावावर सुकाणू धरायचं नाही. मान डोलावणाऱ्यांपैकी एकाने त्याला जिना उतरताना हात दिला, आणि तो हात त्याला नको नको झाला.

बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. शनिवारची बस उशिरा होती. समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता. लेक बस येते का ते बघत होती. ती ओरडली असती, रडली असती, तर कप्तानाला बरं वाटलं असतं. निदान समजूत तरी काढता आली असती.

"मला वाटलं, तुझं भलं होईल," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"मी खरं बोललो गं."

"हो बाबा. खरंच बोललात."

त्याला मग सगळं दिसायला लागलं, एकदम नाही, थोडं थोडं करून. पाण्यावर तिने सांगितलं होतं तेव्हा त्याला जास्त कळत होतं. घरी टेबलाशी तिने सांगितलं, तेव्हाही त्यालाच जास्त कळत होतं. छत्तीस वर्षं तो वारा ऐकायला शिकला, पाण्याचा रंग ओळखायला शिकला, आणि जवळ बसलेल्या पोरीचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकायला शिकला नाही. ते शिकायला ना परीक्षा लागत होती, ना अनुभव. बरगड्यांच्या मागे कुठेतरी इतकं दुखायला लागलं की त्याला वाटलं पट्टा सुटला.

"चष्म्याच्या दुकानात विचारून बघतेस का?" तो म्हणाला. "मी येऊ का मालकाशी बोलायला? माझी ओळख आहे त्याच्याशी. त्याच्या बायकोची मशीन—"

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि तो वाक्याच्या मध्येच थांबला.

बस आली. तो वर चढताना अडखळला, तेव्हा तिने मागून त्याच्या पाठीला हात लावला आणि त्याला खिडकीजवळची जागा दिली. दोन थांबे गेल्यावर त्याने सगळा जीव गोळा करून विचारलं, "मग आता काय करायचं ठरवतेस तू?"

हा प्रश्न त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता. तिलाही ते कळलं असावं, कारण ती जराशी हसली.

"आता ठरवायला काही उरलं नाही, बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्या पट्ट्याची सैल झालेली गाठ बांधून द्यायला खाली वाकली.