धाकटीची उंची

तिचं काम ऐकायला सोपं होतं. रोज भर दुपारी वेधशाळेच्या गच्चीवरची तबकडी सूर्याकडे वळवायची आणि तिकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा जोर मोजायचा. त्यातून एक आकडा निघे. सूर्य शांत असला तर सत्तरच्या आसपास, खवळला तर दोनशेच्या वर. विमानवाले, वीजवाले असे कोणकोण त्या आकड्याची वाट बघत. त्या वर्षी त्यात तिच्या नवऱ्याची भर पडली.

नवरा तंत्रनिकेतनात शिकवायचा. विद्यार्थ्यांना हाताशी धरून, कित्येक वर्षं खपून त्याने एक उपग्रह बनवला होता, पावाच्या डब्याएवढा. जमिनीतला ओलावा वरून मोजणारा. थोरली, म्हणजे त्यांची खरीखुरी मुलगी, शिकायला परगावी गेली होती आणि नवऱ्याचा सगळा जीव या डब्यात अडकला होता. म्हणून घरात त्याचं नाव पडलं धाकटी. धाकटी आकाशात गेली त्या दिवशी सासूबाईंनी ओळखीपाळखीच्या एकालाही फोन करायचं सोडलं नाही.

धाकटीला इंजिन नव्हतं. जिथे सोडली तिथून तिने आपली निमूट फिरत राहायचं. दोन-तीन वर्षं सहज निघतील, असा नवऱ्याचा हिशोब होता.

मग एका सकाळी सूर्याच्या कडेवरून डागांचा एक मोठा पुंजका आत सरकताना तिला दिसला. एवढा मोठा पुंजका तिने नोकरीत कधी पाहिला नव्हता. सहकारी आनंदाने टेबलावर थापा मारत होते, तिला मात्र धाकटी आठवली. सूर्य खवळला की वरची विरळ हवा तापून फुगते आणि खालून फिरणाऱ्या उपग्रहांना घासायला लागते; ते घसरत खाली येतात आणि शेवटी जळून जातात. धाकटी अगदी खालून फिरत होती.

संध्याकाळी तिने घरी काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? दोन दिवसांनी नवऱ्यानेच विचारलं, "आज किती?"

"दोनशे दहा."

त्याचा घास हातातच राहिला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझं तर रोजचं जाणं-येणं आहे त्या सूर्याकडे. जरा दमाने घे म्हणावं." एरवी तिघंही हसली असती.

आकडा चढत गेला. सूर्यावर लागोपाठ दोन मोठे स्फोट झाले आणि धाकटीची उंची ढासळू लागली. नवऱ्याने होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. हवा कमी लागावी म्हणून तिची अरुंद बाजू पुढे केली, तर सौरपट्ट्यांवर ऊन पडेना आणि बॅटरी उतरायला लागली. सरळ केली, तर पुन्हा घसरण.

एका दुपारी तो धापा टाकत वेधशाळेच्या गच्चीवर आला. "तुझं यंत्र बरोबर आहे ना? एकदा तपास ना, माझ्यासाठी."

तिने वाद घातला नाही. तबकडी सूर्यावरून हटवून मोकळ्या आकाशाकडे नेली, सगळं जुळवून घेतलं, परत सूर्यावर आणली. आकडा तोच आला.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने पुन्हा केलं.

"आज जरा कमी लिही ना," तो म्हणाला. तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

"मी कमी लिहिलं तर ती वर येणार आहे का रे?"

तो कठड्याला टेकून उभा राहिला. एवढा सूर्य समोर होता आणि त्याच्याकडे नीट बघतासुद्धा येत नव्हतं. तिला वाटलं, हात धरावा. पण तिचे हात कळांवर होते आणि मोजणी अजून संपली नव्हती.

धाकटीच्या शेवटच्या दिवशी तिने रजा काढली आणि तंत्रनिकेतनात जाऊन बसली. विद्यार्थी एकमेकांना चिकटून उभे होते. डोक्यावरून जाणाऱ्या सकाळच्या फेरीत धाकटीचा आवाज आला, नेहमीसारखी बारीक टिकटिक, जरा घाईघाईची. नवऱ्याने मान डोलावली, जणू ती काही सांगत होती. पुढच्या फेरीची वेळ आली आणि नुसती खरखर ऐकू आली. वेळ टळून गेली तरी कोणी आवाज बंद केला नाही. अखेर तिनेच उठून बटण दाबलं, आणि दाबल्यावर तिला वाटलं, हे आपण करायला नको होतं.

डागांचा पुंजका पलीकडे वळला. आठवड्याभरात आकडा सरसर उतरला. घरी तिने तो विषय काढला नाही, पण जेवताना नवऱ्यानेच विचारलं, "किती?"

"एकशे वीस."

"हं." तो ताटात बोट फिरवत राहिला. "दुसरी करायची झाली, तर कधी सोडावी?"

"तीन-चार वर्षांनी सूर्य निवेल. बहुतेक."

"बहुतेक?"

"त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त कोणालाच सांगता येत नाही."

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि उरलेली भाजी झाकून ठेवली. नवरा उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. ती ऐकत बसून राहिली.